जोडीच्या नावेचं सुकाणू

बोलावणं आलं तेव्हा नागसेन ताकसांडे एका ट्रॅक्टरखाली पाठीवर पडलेला होता. सेलूत त्याचं छोटंसं वर्कशॉप. ट्रॅक्टर असो, जीप असो की एखादा जुना टेम्पो, स्टेअरिंग एका बाजूला ओढायला लागलं की लोक त्याच्याकडेच येत. गाडी दहा-वीस पावलं चालवली की हा माणूस सांगे, खोट कुठं आहे ते. त्याला कारण होतं. तेवीस वर्षं त्यानं जहाजांवर काढली होती, आणि त्यातली बरीचशी जहाजाच्या अगदी मागच्या कोंदट खोलीत, जिथं सुकाणू फिरवणारी यंत्रं रात्रंदिवस घरघरत असतात. पन्नाशी ओलांडल्यावर तो गावी परतला. गावी समुद्र नव्हता, ट्रॅक्टर होते.

फोन दामिनी उईकेचा होता.

सेलूपासून पाऊण तासावर, सागाच्या टेकड्यांमध्ये एक धरण आहे. तिथं एका संस्थेनं शिडाच्या नावांचं केंद्र काढलं होतं आणि ते दामिनी एकटी चालवत होती. भोपाळच्या तलावावर ती शीड शिकली. तिथं चांगली नोकरी मिळत असताना ती परत आली, आणि ज्या पोरींनी गुडघ्यापेक्षा जास्त पाण्यात पाय टाकला नव्हता त्यांना तिनं आधी पोहायला आणि मग वारा ओळखायला शिकवलं. नागसेननं तिला एकदा डोळ्यांवर ओढणी बांधून नाव धक्क्याला लावताना पाहिलं होतं. धक्का आणि नाव यांच्यात तिनं हाताचा पंजा मावेल एवढंच अंतर ठेवलं होतं. त्या दिवशी घरी जाऊन त्यानं जेवताना बायकोला ती हकिगत तीनदा सांगितली.

"जय भीम, काका," दामिनी म्हणाली. "एक काम होतं. जोडीची नाव ओढून राह्यली."

"कोणत्या बाजूले?"

"डावीकडे. म्या सारं करून पाह्यलं. काल पोट्ट्या उलटल्या. भावनाच्या कपाळाले तीन टाके पडले."

नागसेन सरकत ट्रॅक्टरखालून बाहेर आला.

"अन् रविवारी स्पर्धेसाठी निवड आहे," ती म्हणाली. "तुम्ही पाहून 'ठीक आहे' म्हटलं, तर मी त्याइले पाण्यात सोडीन. तुम्ही नाई म्हटलं, तर नाई सोडत. दोन वर्षांची मेहनत गेली तरी चालन."

'ठीक आहे' हे शब्द नागसेन सहजासहजी उच्चारत नसे. फार वर्षांपूर्वी एका जहाजावर त्यानं ते घाईत उच्चारले होते, आणि दुसऱ्या दिवशी एका खलाशाच्या हाताची तीन बोटं गेली होती. तेव्हापासून तो गाडी गिऱ्हाइकाला देतानाही नुसती मान हलवायचा.

"येतो," तो म्हणाला.

गुरुवारची दुपार होती. गव्हाला पाणी सोडून सोडून धरण बरंच खाली गेलं होतं. काठाला भेगाळलेल्या गाळाचा रुंद पट्टा उघडा पडला होता, आणि त्यावर उन्हानं वाळलेल्या शेवाळाचा वास होता. धक्क्याजवळच्या एका सपाट दगडावर कमलाबाई मासे साफ करत बसली होती. तिचा नवरा नत्थूजी या धरणावरचा सगळ्यात जुना नावाडी. दोन वर्षांपूर्वी तो घरी, आपल्या खाटेवर, झोपेत गेला. तेव्हापासून ती एकटीच जाळं टाकायची, आणि एरवी दिवसभर त्या दगडावर बसून पाण्याकडे पाहायची.

जोडीची नाव चाकांच्या गाड्यावर चढवून ठेवली होती. पांढरी, चौदा फुटांची, दोघींनी मिळून चालवायची. एकीनं मागं बसून सुकाणू धरायचं, दुसरीनं पुढं राहून दोऱ्या सांभाळायच्या. रक्षा आणि भावना, दोघी पंधरा-सोळा वर्षांच्या, नावेच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. भावनाच्या कपाळावर पट्टी होती.

"सुकाणूवर कोण होतं?" नागसेननं विचारलं.

"मी," रक्षा म्हणाली. "काका, म्या सरळ धराचा भल्ला जोर लावला. पण ते बी जोर लावे."

"ते म्हणजे?"

पोरीनं सुकाणूच्या लाकडी दांड्याकडे बोट दाखवलं आणि लगेच हात मागं घेतला.

नागसेननं बाह्या वर केल्या. तो कामाला लागला की पाहत राहावं असं काही असे. त्याची बोटं आधी नुसती फिरत, काही न उचलता, काही न उघडता. सुकाणूचं पातं दोन बिजागऱ्यांवर टांगलेलं होतं. त्यानं ते हलवलं आणि कान लावला. खालच्या बिजागरीत खिळा हलका खडखडला. भोक झिजून अंडाकृती झालं होतं. मग त्यानं पात्याच्या दोन्ही बाजूंनी सुतळी ताणली. पातं मधोमध केसाएवढं वाकलेलं निघालं. डोलकाठीला दोन्हीकडून धरणाऱ्या तारा त्यानं टेपनं मोजल्या. उजवी तार अर्ध्या इंचानं आखूड होती.

"तीन खोटा," तो म्हणाला. "पण तिन्ही बारीक. यानं नाव थोडी ओढते. उलटत नाई."

मग त्यानं नावेच्या पोटातली फळी बाहेर काढली. शिडाच्या नावेला पोटातून खाली पाण्यात जाणारी एक फळी असते. ती नसेल तर वारा नावेला आडवी घसरत नेईल. फळी सरळ होती. फक्त खालच्या टोकाला एक ताजा टवका उडालेला होता, आणि टवक्यात राखाडी पूड अडकली होती. त्यानं ती बोटावर घेतली, चोळली.

"दगड," तो म्हणाला. "मधात कुठी दगड आहे का, दामिनी?"

"नाई ना, काका. तिथं वीस फूट पाणी आहे."

सुकाणू काढून त्यानं पोत्यात गुंडाळलं आणि मोटरसायकलला बांधून वर्कशॉपमध्ये नेलं. त्या संध्याकाळी त्यानं लेथवर पितळेच्या दोन बारीक नळ्या कातल्या, भोकात बसवल्या, पातं वाफेवर धरून, दाबून सरळ केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी परत येऊन त्यानं सगळं जोडलं, तारा सारख्या केल्या, बिजागऱ्यांना ग्रीस लावलं. दांडा एका बोटानं ढकलला तर लोण्यातून सुरी जावी तसा फिरू लागला.

"आता आपण दोघं जाऊ," तो दामिनीला म्हणाला. "पोट्ट्या इथंच राहू दे."

कमलाबाईनं दगडावरून मान वर केली. "भाऊ, त्या नावेले काई झालं नाई," ती म्हणाली.

"झालं होतं, माय. आता केलं बरोबर."

ती पुन्हा मासे खरवडू लागली.

वारा मंद आणि एकसारखा होता. दामिनीनं शीड ताणलं, नागसेननं दांडा हाती घेतला आणि नाव धक्क्यापासून अशी निघाली, जणू कोणी रेशमाचा तागा उलगडतंय. फर्लांगभर ती सरळ गेली. नागसेनच्या मिशीत हसू आलं. आपण पोराठोरांसारखे खूश झालो आहोत हे त्याचं त्यालाच कळलं.

आणि मग दांडा त्याच्या हातात हलला.

झटका नव्हता. कोणी आपल्या हातातली वस्तू सावकाश मागून घ्यावी, तसा तो उजवीकडे सरकला. सुकाणूचं गणित उलटं असतं. दांडा उजवीकडे गेला की नाव डावीकडे वळते. नाव डावीकडे वळली. नागसेननं जोर लावून पाहिला. दांडा तेवढ्याच जोरानं उत्तर देत राहिला, कमी नाही, जास्त नाही. शंभरेक हात गेल्यावर तो आपणहून सैल झाला.

"पाह्यलं?" दामिनी हळूच म्हणाली.

"शीड जास्त ताणलंस का?"

"नाई."

"सोड जरा."

तिनं शीड सैल केलं, वाऱ्याचा जोर कमी केला. पलीकडच्या काठाजवळ वळून ते परत निघाले. त्याच जागी दांडा पुन्हा हलला. पण या वेळी डावीकडे. नाव उजवीकडे वळली, तेवढाच वळसा घालून पुन्हा सरळ झाली.

नागसेननं वळून त्या जागेकडे पाहिलं. मग म्हणाला, "जाताना डावी. येताना उजवी. नावेत खोट असती, तर तिनं बाजू बदलली नसती."

"म्हणजे?"

"म्हणजे एकाच जागेले वळसा घालून राह्यली. नाव नाई ओढत, दामिनी. नावेले कोणी तरी चुकवून नेते."

सूर्य टेकडीवर टेकला होता. सागाच्या सावल्या पाण्यावर लांबत चालल्या होत्या. त्या जागेच्या आसपास एकही पाणकोंबडी नव्हती, हे नागसेनच्या आता लक्षात आलं. नाव चालताना तिच्या पोटाखाली पाण्याची जी बारीक खळखळ असते, तीही तिथं पोहोचलं की थांबायची. आणि वास यायचा. धरणाचा नाही... बंद, खोल विहिरीचा. ओला दगड, शेवाळ आणि कधीच ऊन न लागलेली हवा.

"पुन्हा एकदा," तो म्हणाला. "या वेळेस मी दांडा सोडून देतो."

"काका..."

"यंत्र समजत नसलं की त्याच्यावरचा हात काढाचा, अन् ते काय करते ते पाहाचं. मले एवढंच येते."

दामिनीच्या चेहऱ्यावर भीती होती, पण दोरी धरलेला तिचा हात हलला नाही. नागसेनला त्या पोरीचं पुन्हा एकदा कौतुक वाटलं. तिनं नाव वळवायला लावली, वारा घेतला आणि नुसती मान हलवली.

नागसेननं दांड्यावरून हात उचलला आणि मांडीवर ठेवला.

नाव चालत राहिली. मोकळा सोडलेला दांडा वाऱ्यावर थरथरायला हवा होता, नाव गोल फिरायला हवी होती. तसं काही झालं नाही. दांडा स्थिर राहिला. वाऱ्याची एक झुळूक आली. ती शिडापर्यंत पोहोचायच्या आधीच दांडा दोन बोटं सरकला, थांबला, एक बोट परत आला. झुळूक शिडाला लागली आणि नाव डगमगलीसुद्धा नाही. पुन्हा एक झुळूक, पुन्हा तेच. नागसेननं जगभरच्या बंदरांत नामांकित सुकाणूवाले पाहिले होते. वादळात पन्नास हजार टनांचं जहाज मांजराच्या पिल्लासारखं उचलून नेणारी माणसं पाहिली होती. पण असा हात त्यानं पाहिला नव्हता. एकही हालचाल वाया जात नव्हती. कसलीही घाई नव्हती. वारा काय करणार आहे, हे ज्याला वाऱ्याच्या आधी कळतं, त्याचा हात होता तो. नागसेनच्या मानेवरचे केस उभे राहिले होते, आणि तरीही त्याच्या मनात एकच शब्द येत होता: वा... वा.

तेवढ्यात त्याला आणखी एक गोष्ट दिसली. नावेची मागची बाजू जास्तच खाली बसली होती. मागच्या कडेवरून पाणी आत यायला चार बोटंच बाकी होती. दोघांच्या वजनानं इतकी बसायला नको. तो हळूच पुढं, दामिनीजवळ सरकला. मागची बाजू तशीच राहिली. त्यानं मागच्या बंद पेटीचं झाकण फिरवून आत हात घातला. आत पाणी भरलं असेल म्हणून. पेटी कोरडी ठणठणीत होती.

आणि आवाज येत होता. कर्र... कर्र... कर्र. बिजागरी, त्याला वाटलं. पण बिजागऱ्यांना त्यानं आजच ग्रीस लावलं होतं. त्यानं वाकून त्यांना हात लावला. त्या अगदी गप्प होत्या. आवाज त्यांच्याही मागून येत होता. पाण्यातून.

"काका," दामिनी पुटपुटली. "वळून राह्यली..."

नाव डावीकडे वळली. इतक्या नजाकतीनं, की शिडाला एक सुरकुती पडली नाही.

"थांबव," नागसेन म्हणाला. "इथंच. वाऱ्याकडे तोंड कर."

दामिनीनं शीड सोडलं. नाव डुलत उभी राहिली. नागसेननं आतला बांबू उचलला आणि उजव्या बाजूला, जिथून नाव सरळ गेली असती तिथं, पाण्यात खुपसला. दीड हातावर तो ठक्क आपटला.

त्यानं पुन्हा खुपसला. ठक्क. जरा बाजूला, पुन्हा ठक्क. दोन चौकोनी दगडी खांब होते, माणसाच्या अंगाएवढे जाड, वर शेवाळाचा थर. आणि दोन्हींच्या मधोमध बांबू घातला तर तो खाली गेला, गेला, नागसेनचा हात कोपरापर्यंत पाण्यात गेला, आणि काहीच लागलं नाही. पाणी तिथं बर्फासारखं गार होतं.

पोटातली फळी पाण्यात तीन फूट खोल असते. परवा रक्षानं जोर लावून नाव सरळ नेली होती. म्हणून टवका. म्हणून तीन टाके. वेग थोडा जास्त असता, तर दोघी पोरी डोक्यावर या खांबांवर पडल्या असत्या.

नागसेननं बांबू वर ओढून नावेत ठेवला. मग दामिनीनं हात जोडले, कोणाकडे ते तिलाच ठाऊक नव्हतं.

"नत्थूजी असतील," ती म्हणाली. "त्याइले पाण्याखालचा दगडन् दगड माहीत होता."

"असन," नागसेन म्हणाला.

नाव परत येताना त्यानं दांड्याला हात लावला नाही. लावायचं धाडस नव्हतं असं नाही. तो हात आपल्यापेक्षा चांगला आहे, हे त्याला पटलं होतं.

शनिवारी सकाळी त्यांनी एका मोठ्या प्लास्टिकच्या पिंपाला लाल रंग दिला, साखळीला दगड बांधला आणि पिंप त्या खांबांजवळ सोडून दिलं. आता कोणालाही दुरून दिसावं असं. त्यानंतर नागसेन आणि दामिनीनं पिंपाच्या बाजूनं चार फेऱ्या मारल्या. दांडा एकदाही हलला नाही. वास नाही, आवाज नाही. नावेची मागची बाजूही हलकी होऊन वर आली होती. नाव सरळ जात होती, जशी जायला हवी तशी.

"काम झालं त्याइचं," दामिनी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "सांगाचं होतं ते सांगतलं, अन् गेले."

रक्षा आणि भावना धक्क्यावर जॅकेट चढवून तयार होत्या. दोघींनी नागसेनकडे पाहिलं. त्यानं पुन्हा एकदा सुकाणू हलवून पाहिलं, बिजागऱ्या पाहिल्या, तारा पाहिल्या. फळी हातानं चाचपली.

"ठीक आहे," तो म्हणाला.

पोरी किलबिलत निघाल्या. नावेनं शीड भरून घेतलं आणि ती पाण्यावरून सुटली. दामिनी घड्याळ घेऊन धक्क्याच्या टोकाला उभी राहिली. नागसेन सुटकेचा श्वास टाकून कमलाबाईच्या दगडाजवळ उकिडवा बसला. मन भरून आलं होतं. कोणाला तरी ते सांगावं असं वाटत होतं, आणि सांगण्याचा पहिला मान या बाईचा होता.

"माय," तो म्हणाला, "तुमच्या माणसानं या पोट्ट्याइचा जीव वाचवला. मी जग फिरलो, पण असा सुकाणूवाला नाई पाह्यला." आणि त्यानं तिला सगळं सांगितलं.

कमलाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं हातातला विळा खाली ठेवला.

"तिथं आमच्या जुन्या गावाची मोटेची विहीर होती," ती म्हणाली. "ते खांब तिचेच. धरण भरलं तवा कोनी बुजवली नाई. तशीच राह्यली, उघडी. पन भाऊ, तुम्ही म्हनता ते आमचे ह्ये नव्हते."

"काऊन?"

"ह्याइनं जिंदगीत शीड नाई धरलं. त्याइले भेव वाटे त्याचं. म्हने, हवेवर कोन भरोसा ठेवते? ह्याइचं सारं बांबूवर अन् वल्ह्यावर."

"मग कोण...?"

"म्हंजे ते बाई तुमच्यासोबत नव्हती का?" कमलाबाईनं आश्चर्यानं विचारलं. "मले वाटलं संस्थेची असन. तुमच्या मांगं बसली होती ना काल. पोट्ट्या उलटल्या त्या दिवशी त्याइच्या मांगं बी होती."

नागसेननं दगडाची कड धरली. "कशी... कशी होती?"

"कामाची बाई. पदर कमरेले खोचलेला. एक हात पाठीमांगं, तुमच्या त्या दांड्यावर." कमलाबाई थांबली. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. आतापर्यंत न जाणवलेली एखादी गोष्ट तिला बोलता बोलता जाणवावी तशा. "पन भाऊ, नाव चालवनारं मानूस पुढं पाह्यते ना? ते पुढं नव्हती पाहून राह्यली. नावेच्या मांगं तोंड करून बसली होती. पाठ तुमच्याकडं, अन् नजर मांगच्या पान्यावर. एकसारखी."

"मागं काय होतं?"

"मले तर नुसतं पानीच दिसलं." तिचा आवाज खाली आला. "नाव जाते, तवा पानी फाटते, अन् जराशानं जुळते. आमी जनमभर पाह्यलं ते. काल तुमच्या मांगचं पानी... जुळत नव्हतं."

वारा होता, ऊन होतं, लांबून कुठून तरी पाणी ओढणाऱ्या मोटरपंपाचा आवाज येत होता. खांब खोटे नव्हते. त्यांना चुकवणंही खोटं नव्हतं. पण ती तेवढ्यासाठीच बसली होती, असं कोणी सांगितलं होतं? मागून येणाऱ्या कशावर तरी ती पहारा देत नव्हती कशावरून? नागसेन धडपडत उठला.

"माय, आज... आज आहे का ते? पाहा बरं, नावेत आहे का?"

कमलाबाईनं डोळ्यांवर हात धरला. दूर, लाल पिंपाजवळ, पांढरं शीड चमकत होतं. ती बराच वेळ पाहत राहिली.

"नाई," ती म्हणाली. "आज दोघीच हायेत."

"दामिनी!" नागसेन ओरडला. "बोलाव त्याइले! आत्ता!"

दामिनीनं का म्हणून विचारलं नाही. त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि गळ्यातली शिट्टी ओठांना लावली. तीन लांब शिट्ट्या टेकड्यांवर आपटून परत आल्या. दूरची नाव वळली. धक्क्याकडे तोंड करून निघाली.

ती येताना पाहून दामिनी घड्याळ विसरली. या धरणावर अशी नाव कोणी पळताना पाहिली नव्हती. ना डावीकडे, ना उजवीकडे. बाण यावा तशी ती सरळ येत होती, उन्हाच्या चकाकीत तिचं पुढचं टोक तेवढं दिसत होतं, पाण्याबाहेर उचललेलं. नागसेन गुडघाभर पाण्यात धावला. त्यानं आणि दामिनीनं दोन्ही बाजूंनी नाव धरली, आणि तिच्या जोरानं दोघंही चार पावलं मागं रेटले गेले. नाव गाळावर चढली.

"उतरा," नागसेन म्हणाला. "उतरा, वर या. काठावर, वर."

पोरी उड्या मारून उतरल्या. दोघींच्या अंगावर पाणी, तोंडभर हसू.

"काका, काय नाव केली तुम्ही!" रक्षा म्हणाली. "सुकाणू धराचं बी काम नाई!"

"हव ना," भावना म्हणाली, "मांगून कोनी ढकलून राह्यलं असंच वाटे."

दामिनी हसली नाही. ती नावेकडे पाहत होती. शीड सैल होऊन डोलकाठीच्या पायाशी गोळा झालेलं होतं, ओल्या धोतरासारखं.

"रक्षा," तिनं अगदी हळू विचारलं, "शीड कधी उतरवलं?"

"शिट्ट्या वाजल्या तवाच, ताई, तुम्ही शिकवलं तसं," रक्षा म्हणाली. "तिकडं... पिंपापाशी."

नागसेननं पाठीमागं पाहिलं. लाल पिंपापासून थेट त्याच्या गुडघ्यांपर्यंत पाण्यावर एक सरळ, काळी रेघ होती. ती अजून जुळली नव्हती.